वारकेबाई काय वाचत होत्या

वारकेबाईंच्या शोकसभेत चौघं बोलले आणि चौघंही खोटं बोलले. शोकसभेत थोडं खोटं बोलायचं असतं हे मला कळतं. चिडका माणूस गेला की तो स्पष्टवक्ता होतो, कंजूष गेला की साधी राहणी होते. एवढं मी चालवून घेतो. पण वाचनालयाचे अध्यक्ष अण्णासाहेब माईकसमोर उभे राहून म्हणाले, "बाईंचं वाचन अखेरपर्यंत आध्यात्मिक होतं. संतवाङ्मयाच्या त्या गाढ्या अभ्यासक होत्या." समोर बसलेल्यांनी माना हलवल्या. बाकीच्या तिघांनी तोच धागा पुढे ओढला. फोटोतल्या बाई हार घालून गप्प होत्या, म्हणून त्यांचं निभलं. जिवंत असत्या तर खुर्ची मागे सरकवून उभ्या राहिल्या असत्या.

त्यांच्याऐवजी मी उभा राहिलो. म्हणालो, मला बोलायचं आहे. अण्णासाहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि हात जोडले. "सुभाषशेठ, वेळ कमी आहे. आपण स्तब्धता पाळू." स्तब्धता सुरू झाल्यावर कोण बोलणार? असा बंदोबस्त त्यांना फार छान जमतो.

म्हणून हे लिहून ठेवतो. वारकेबाई राक्षसांची पुस्तकं वाचत होत्या. उडत्या शहरांची, बोलणाऱ्या यंत्रांची, दुसऱ्या ग्रहांवर घरं बांधून राहणाऱ्या माणसांची, ज्या राज्यांचा पृथ्वीवर पत्ता नाही अशा राज्यांची पुस्तकं वाचत होत्या. त्यांतली निम्मी मी स्वतः भाव करून आणून दिली आहेत. तेव्हा त्या काय वाचत होत्या हे मला कुणी शिकवू नये.

माझं गावातल्या बुधवाऱ्यात, बाजारपेठेत, भांड्यांचं दुकान आहे. सुरुवात सायकलवर झाली. धूलकोटच्या बाजूला खेडोपाडी पातेली विकत फिरलो, मग टपरी, मग दुकान. शिक्षण पोटापुरतं. बाई लोधीपुऱ्यात आमच्या शेजारी राहायच्या. मराठी शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं कुणी विचारलं की "तुम्ही का केलंत?" एवढंच विचारायच्या. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. सुतारासारखी कानावर पेन्सिल खोचलेली असायची. ती पुस्तकाच्या समासात भांडण करण्यासाठी. "हे कसं?" "खोटं." "पुन्हा राजपुत्र?" असं त्या छापलेल्या ओळीशेजारी लिहीत जायच्या. एकदा मी विचारलं, "बाई, लेखकाले थोडंच कळते?" त्या म्हणाल्या, "त्याला नाही कळत, पण मला बरं वाटतं ना."

माल घ्यायला मी दर महिन्याला इंदूरला जायचो. एकदा निघताना बाईंनी गच्चीवरून हाक मारली. "सुभाष, तिकडे जुन्या पुस्तकांचे ठेले लागतात. जाड पुस्तक दिसलं आणि त्याच्या कव्हरवर किल्ला, घोडा किंवा तारे असले तर घेऊन ये."

"आत काय आहे ते नको बघू?"

"तुला काय कळणार आहे. कव्हर बघ. भाव तर तू करणारच, ते सांगायला नको."

पहिल्याच खेपेत तीन भागांची एक इंग्रजी कादंबरी सापडली. ठेलेवाला भाव सोडेना. मी पुस्तक दोन बोटांत धरलं, नाक मुरडलं, उठून चालायला लागलो. तो हाक मारेना. शेवटी मी माझ्या धंद्यातला तोडगा काढला. म्हटलं, मधला भाग तू ठेव, कडेचे दोन दे. लगेच जमलं. मी खुशीत घरी आलो आणि बाईंच्या पुढ्यात दोन पुस्तकं ठेवली.

"मधला कुठे आहे?"

"मधल्याचं काय करता बाई. सुरुवात आहे, शेवट आहे."

"तू दुकानात सेट मधून तोडून विकतोस?"

"गिऱ्हाईक मागते तर विकतो."

बाई हसल्या नाहीत. पण पुस्तकं परतही केली नाहीत. पहिला भाग वाचला, तिसरा वाचला, आणि मग संध्याकाळी दुकानात माझ्या स्टुलावर बसून मधल्या भागात काय घडलं असेल ते मला सांगू लागल्या. पहिल्या भागात राजाच्या तबेल्यातला एक माणूस आहे, धन्यासाठी जीव देईल असा. तिसऱ्या भागात तोच माणूस रात्रीतून किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देतो. मध्ये झालं काय? बाईंनी कारण उभं केलं. वेढा पडला, दाणा संपला, आणि राजानं सैन्याला खायला घालण्यासाठी तबेल्यातली जनावरं कापायला सांगितली. ज्या घोडीला या माणसानं शिंगरापासून वाढवलं होतं ती त्यालाच बाहेर काढून द्यावी लागली. हे सांगताना बाईंनी त्या घोडीला रंग दिला, खोड दिली, तिला पाण्याची भीती दिली. माझा नोकर वजनकाटा सोडून ऐकत उभा राहायचा. मीही गिऱ्हाइकाला "थांबा जरा" म्हणायचो, आणि मी गिऱ्हाइकाला थांबवणारा माणूस नाही.

काही महिन्यांनी मधला भाग मिळाला. बाईंनी तो आधाशासारखा वाचला आणि दुकानात येऊन गल्ल्यावर आपटला. "जादू. एका चेटकिणीनं त्याच्यावर जादू केली म्हणे. म्हणून तो फिरला. सुभाष, मी त्या बिचाऱ्याला एका घोडीसाठी एवढं रडवलं, आणि या लेखकानं फुंकर मारून काम भागवलं. माणूस का उलटतो हे शोधायचा कंटाळा आला की हे लोक जादू आणतात. हे परत दे. भाव करून परत दे."

मी परत दिलं नाही, पण मलाही राग आला होता. इंग्रजीचं एक अक्षर न वाचता एका इंग्रजी पुस्तकाचा राग आलेला या गावात मीच असेन. आणि आजही मला विचाराल तर त्या माणसानं दरवाजा घोडीसाठीच उघडला.

बाईंचं वाचणं असं होतं. अण्णासाहेबांना वाटतं अशी पुस्तकं वाचणारा माणूस डोळे मिटून स्वप्नात जातो. बाई डोळे वटारून जायच्या. या पुस्तकांच्या पहिल्या पानावर पुष्कळदा नकाशा असतो. भूगोलाच्या बाई त्या, गोष्ट सुरू करण्याआधी नकाशा तपासायच्या. एका पुस्तकात नदी समुद्राकडून निघून डोंगर चढत होती. बाईंनी ते पान मला दाखवलं. "बघ. तापी उलटी वाहते म्हणून आपल्याला सगळे विचारतात. उलटी म्हणजे पश्चिमेला वाहते, पण उतारानंच वाहते ना. हा गृहस्थ ग्रंथ लिहायला बसला आणि पाणी खाली जातं हे याला ठाऊक नाही." दुसऱ्या पुस्तकात भर वाळवंटात सोन्याच्या घुमटांचं शहर होतं. समासात एकच शब्द, "पाणी?" आमच्या गावाखाली जुन्या काळच्या पाण्याच्या वाटा आहेत, वर कुंड्यांची तोंडं आहेत. शाळेतल्या पोरांना बाई दरवर्षी तिथे न्यायच्या आणि सांगायच्या, कुठलंही शहर आधी खालून बांधतात, मग वरून. हीच फुटपट्टी त्या परग्रहालाही लावायच्या. ज्यानं पाण्याची सोय सांगितली नाही त्याची दुनिया त्यांना नाटकाच्या पडद्यासारखी वाटायची.

मी माझी फुटपट्टी लावायचो. "बाई, एवढी फौज निघाली, तर हंडे-पातेली कुठून घेतली?"

"बरोबर प्रश्न आहे. हजार पानांत एकानंही भांडं घासलेलं नाही."

आपल्याकडच्या विज्ञानकथांवरही त्यांचा राग होता, आणि तो जास्त घरचा होता. एका मराठी कादंबरीविषयी त्यांनी मला सांगितलेलं अजून आठवतं. पृथ्वीवर संकट आलेलं असतं. शास्त्रज्ञ दिवाणखान्यात बसून मित्राला संकट समजावून सांगतो. पानंच्या पानं सांगतो. मध्येच त्याची बायको चहा घेऊन येते, ठेवते, जाते. मग शास्त्रज्ञ पृथ्वी वाचवतो. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे, जग बुडतंय हे तिनं दारातून ऐकलं असेल की नाही? त्या बाईला एक प्रश्न पडू नये? मी असते तर ट्रे खाली ठेवून म्हटलं असतं, कधी बुडतंय ते नीट सांगा, वर गच्चीत धान्य वाळत घातलंय."

जन्मतःच निवडलेल्या नायकाचं तर त्यांना वावडं होतं. खांद्यावर खूण घेऊन जन्मलेला पोरगा, त्याच्याच हातून राज्य सुटणार, असं दिसलं की म्हणायच्या, "मग बाकीच्यांनी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?" हे मला फार पटायचं. माझ्या खांद्यावर सायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या दोरीचा वळ सोडून कसलीच खूण नव्हती.

पण पुस्तक खरं निघालं की बाई वेगळ्याच दिसायच्या. दुकानात यायच्या, स्टुलावर बसायच्या, बोलायच्या नाहीत. स्टेशनवरच्या ठेल्यावर मिळालेलं, कागद पिवळा पडलेलं एक हिंदी पुस्तक त्यांनी असं वाचलं होतं. ढगांवर टांगलेलं शहर, लोक धुकं पिळून पाणी पितात, आणि ज्यानं एकदा खाली जमीन बघितली त्याला पुन्हा वर घेत नाहीत. एक आई आपल्या आंधळ्या मुलाला जमिनीवर घेऊन जाते, कारण त्यानं काही बघितलेलं नसणार, तो परत जाऊ शकेल. बाई एवढं सांगून थांबल्या. "मग?" मी विचारलं. "मग काही नाही. तो एकटाच परत जातो." समोरच्या हॉटेलातून चहा मागवला तोही त्यांनी तसाच ठेवला.

लोक त्यांना म्हणायचे, बाई, काहीतरी खरं वाचा. अण्णासाहेब तर वाचनालयाच्या दारातच म्हणाले होते, "या वयात राक्षस वाचता?" बाई म्हणाल्या, "या वयातच ओळखू यायला लागलेत, अण्णासाहेब."

आता वाचनालयाचं सांगतो, म्हणजे माझा राग कुठून आला ते कळेल. आमच्या मराठी वाचनालयात असली सगळी पुस्तकं बालविभागाच्या कपाटात ठेवतात. कपाटापुढे पोरांसाठी ठेंगणं बाकडं. पिकल्या केसांच्या बाई गुडघे हनुवटीला लावून त्या बाकड्यावर बसायच्या, पुस्तक निवडायच्या आणि वाचून झालं की परत करताना गुपचूप मोठ्यांच्या कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवायच्या. आठवड्याभरात ग्रंथपाल ते उचलून पुन्हा पोरांत नेऊन ठेवायचे. कुणी कुणाला काही बोलायचं नाही. वर्षानुवर्षं ही लढाई चालली.

आणि वाचनालयाची एक रीत आहे. वर्धापनदिनाला एका जुन्या सभासदानं व्यासपीठावरून आपल्या आवडत्या पुस्तकावर बोलायचं. पाळी सभासदत्वाच्या जुनेपणानं येते. बाईंच्या मागून आलेले बोलून गेले. पंचांगावर बोलले, चरित्रांवर बोलले, एकजण तर स्वतःच्याच कवितासंग्रहावर बोलला. बाईंची पाळी आली की या वर्षी पाहुणे मोठे आहेत, या वर्षी विषय गंभीर ठेवू, असं काहीतरी निघायचं.

मी एकदा म्हटलं, "सोडा ना बाई. मले सांगता ते काय कमी आहे?"

"तू ऐकतोस, पण वाचत नाहीस. माझंच मला परत सांगतोस." त्या रागानं नाही, थकून म्हणाल्या. "मला टाळ्या नकोत रे. एवढी वर्षं एकटी वाचते आहे. एकानं तरी उठून म्हणावं की बाई, तुम्ही चुकता, ते तसं नाही. मला भांडायला माणूस पाहिजे. त्या हॉलमध्ये वाचणारे दोनशे लोक बसतात. त्यांतला एक तरी मिळेल."

हे ऐकल्यावर माझ्यासारखा माणूस काय करणार? मी सौदा केला. वाचनालयाला पिण्याच्या पाण्याची स्टीलची टाकी हवी होती आणि अण्णासाहेब दुकानात येऊन देणगी, देणगी करत होते. मी म्हटलं, टाकी देतो, नळासकट देतो, माझं नावही नको. यंदा बाईंना माईक द्या. त्यांनी हात पुढे केला. आमच्या धंद्यात हात मिळवला की बोलणं संपलं. टाकी दुसऱ्या दिवशी पोचवली.

बाईंनी त्या दिवसासाठी एक छोटंसं इंग्रजी पुस्तक निवडलं. मिठाच्या वाळवंटाचा एक ग्रह. तिथली वस्ती उठते, शेवटच्या यानात जागा कमी पडते आणि एक म्हातारी मागे राहते. सोबतीला रस्ते दुरुस्त करणारं एक यंत्र. म्हातारीनं जगावं म्हणून ते यंत्र रोज सकाळी तिला सांगतं, आज यानाचा आवाज ऐकू आला, येतंय. रोज खोटं. वर्षं जातात. आणि एक दिवस खरंच यान येतं. यंत्र पळत सांगायला येतं, तर म्हातारी हसते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. तिला ते रोजचंच वाटतं.

"यंत्र बरोबर की चूक, असा प्रश्न मी शेवटी टाकणार," बाई मला म्हणाल्या. "माझं मत, बरोबर. त्या खोट्यावर ती जगली. पण बघ, हॉल दोन भागांत फुटेल."

वर्धापनदिनाला बाई कडक इस्त्रीची साडी नेसून आल्या. प्रमुख पाहुणे वाचनसंस्कृतीवर बोलले, म्हणजे मोबाइलवर बोलले. मुलं वाचत नाहीत हे त्यांनी इतका वेळ सांगितलं की आलेली मुलं उठून गेली. मग शाल, श्रीफळ, देणगीदारांची यादी. शेवटी बाई. त्यांनी सुरुवातीलाच त्या मिठाच्या ग्रहावर माणसांना पाणी कुठून मिळतं ते सांगितलं, आणि खुर्च्यांची करकर थांबली. दारात चपला घालून निघालेली माणसं चपला घालून तशीच उभी राहिली. यंत्राचं रोजचं खोटं झालं. यान खरंच येणार होतं, तेवढ्यात बाईंच्या हातात चिठ्ठी आली.

बाईंनी ती माईकवरच वाचली. "अध्यक्षांची चिठ्ठी आहे. वेळ संपत आली, आटोपतं घ्या. त्या म्हातारीचीही हीच अडचण आहे." लोक हसले. अण्णासाहेबांना ते हसू लागलं. ते उठले, माईकवर हात ठेवला आणि म्हणाले, "बाईंनी बालसाहित्याचा सुंदर परिचय करून दिला. आता समारोपाची प्रार्थना."

प्रार्थना म्हटल्यावर सगळा हॉल उभा राहिला. हात जोडले गेले. बाई माईकपाशीच होत्या, त्यांनाही हात जोडावे लागले. दोनशे माणसं डोळे मिटून उभी, आणि यान आलंच नाही. बाईंचे डोळे उघडे होते. प्रार्थना संपल्यावर लोक अल्पोपाहाराकडे गेले. एकानंही पुढे येऊन विचारलं नाही की मग काय झालं.

मी अण्णासाहेबांना टाकीपाशी गाठलं. "सौदा काय ठरला होता?"

"माईक दिला की, सुभाषशेठ."

"तोंड उघडायला दिला आणि बोलायला लागल्यावर काढून घेतला. असा माल मी विकला असता तर तुम्ही दुकानात येऊन शिव्या दिल्या असत्या."

माझा आवाज चढला होता. बाई मागे येऊन उभ्या आहेत हे मला कळलं नाही. त्यांनी टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. घरी जाताना रस्त्यात त्या म्हणाल्या, "म्हणजे माझी पाळी आली नव्हती. तू आणली होतीस."

"पाळी तर तुमचीच होती बाई. त्यांनी अडवली होती. मी सोडवली."

"टाकीच्या बदल्यात." त्या थांबल्या. "त्यांनी मला लहान मुलांत बसवलं आणि तू मला टाकीबरोबर फुकट दिलंस."

मी म्हटलं, मी हॉल भाड्यानं घेतो, माईक माझा, अख्खं गाव बोलावतो, नाश्ता घालतो, सकाळपर्यंत बोला. त्या म्हणाल्या, "नाश्त्याला आलेले लोक भांडत नाहीत." आणि दार लावून घेतलं. त्यानंतर बरेच दिवस त्या दुकानात आल्या नाहीत. माझं मत अजून बदललेलं नाही. सौदा चांगला होता, समोरचा बेइमान निघाला. पण स्टूल रिकामं राहिलं हे खरं.

मग त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. पाय सुजले, डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. शेजारी म्हणून ने-आण माझ्या गाडीतून व्हायला लागली, आणि गाडीत बसल्यावर अबोला फार टिकत नाही. गाडी सुटल्या सुटल्या त्यांनी मला रस्त्यातले खड्डे न चुकवल्यावरून झापलं, तेव्हा मला बरं वाटलं. अण्णासाहेब एकदा भेटायला आले आणि उशाशी एक पोथी ठेवून गेले. बाईंनी ती शेजारणीला दिली. शोकसभेतल्या गाढ्या अभ्यासाचा पाया तो एवढाच.

त्यांना मी शेवटचं गोष्ट सांगताना बघितलं ते डायलिसिसच्या खोलीत. दुपारची वेळ होती. मी न्यायला लवकर पोचलो होतो आणि दारात थांबलो. ओळीनं पलंग, प्रत्येकाशेजारी यंत्र, नळ्यांतून रक्त जातंय, येतंय. बाईंच्या शेजारच्या पलंगावर यशोदाबाई होत्या. धूलकोटकडच्या, केळीच्या मळ्यात जन्म गेलेला, हाताला घट्टे. आठवड्यातले त्यांचे आणि बाईंचे डायलिसिसचे दिवस एकच असायचे. बाई त्यांना मिठाच्या ग्रहाची गोष्ट सांगत होत्या. यान येऊन उतरलं, म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपली, इथपर्यंत गोष्ट झाली होती.

"बिचारं यंत्र," बाई म्हणाल्या. "त्यानं तिला जगवलं, आणि शेवटी हे फळ."

"बिचारं कायचं?" यशोदाबाई म्हणाल्या. "त्याचीच चुकी आहे."

बाईंनी मान वळवली. "चुकी कशी? खरं सांगितलं असतं तर ती कधीच मेली असती."

"कोनं सांगितलं मेली असती? तुमच्या पुस्तकानं?" यशोदाबाई उठून बसायला लागल्या. नर्स म्हणाली, आजी, पडून राहा, हात हलवू नका. त्या पडल्या, पण थांबल्या नाहीत. "मले माहा पोरगा रोज सांगतो, माय, पुढच्या महिन्यात तुही मशीन सुटीन. दर महिन्याले सांगतो. मी बी हव, बरं म्हणतो. त्याले वाटते मायचा जीव राहते. माहा जीव जाते बाई. उद्या डाक्टरनं खरंच सुटली म्हटलं, तरी मी नाही मानत. त्यानं खोटं बोलू बोलू माहं खरं बी खाऊन टाकलं."

बाईंचा मोकळा हात पेन्सिल शोधत कानाकडे गेला.

"मग त्या यंत्रानं काय सांगायला पाहिजे होतं?"

"सरळ सांगाचं. यान नाही येत. मी आहे. चाल, रस्ता नीट करू."

"आणि त्यानं ती खचली असती तर?"

"खचली तर खचली. दोघं खचले असते. आता ती एकटीच खचली ना, अन् यंत्राले पत्ता बी नाही."

नर्स आता खरंच चिडली होती. "वारकेमॅडम, प्रेशर वाढतंय तुमचं. बोलणं बंद."

बाईंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. नळ्या लावलेला हात तसाच ठेवून त्या जमेल तेवढ्या यशोदाबाईंकडे वळल्या. चेहरा लाल झाला होता. वर्गात एखाद्या पोरीनं उठून त्यांची चूक काढली असावी, तसा आवाज चढला होता.

"हे मला मुळीच मान्य नाही," त्या म्हणाल्या. "पण बोला पुढे."